नाव-पत्त्यासह: ग्दान्स्क ते हाय्नुव्का

शनिवार, ग्दान्स्क

पोलंडमधल्या या शहराच्या जहाजबांधणी गोदीचं दोन नंबरचं फाटक मी मनात फार मोठं करून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ते आपल्याकडच्या एखाद्या साखर कारखान्याच्या फाटकाएवढंच आहे. लोखंडी गज, गजांना बांधलेली फुलं, पोप जॉन पॉल दुसरे यांचं चित्र. शेजारून सायकली जातात, ट्राम जाते.

ऑगस्ट १९८० मध्ये या फाटकाच्या आतबाहेर जे घडलं, त्याने युरोपचा नकाशा बदलायला सुरुवात केली. आन्ना वालेन्तिनोविच ही क्रेन चालवणारी बाई. निवृत्तीला पाच महिने उरले असताना तिला कामावरून काढलं, कारण ती स्वतंत्र कामगार संघटनेच्या कामात होती. १४ ऑगस्टला गोदी बंद पडली. चार वर्षांपूर्वी इथूनच काढून टाकलेला इलेक्ट्रिशियन लेक वालेसा आत येऊन संपाचा पुढारी झाला.

पण मला या संपातला १६ ऑगस्टचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. त्या दिवशी व्यवस्थापनाने पगारवाढ मान्य केली, वालेन्तिनोविच आणि वालेसा दोघांनाही परत घेतलं. वालेसाने संप संपल्याचं जाहीर केलं. लोक घराकडे निघाले. तेव्हा शहरातल्या इतर संपकऱ्यांच्या वतीने आलेल्या ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोसने विचारलं, तुम्ही तुमचं पदरात पाडून घेतलंत, आता आमचं काय? आम्हाला तर चिरडूनच टाकतील. वालेन्तिनोविच आणि गोदीच्या दवाखान्यातली नर्स आलिना पियेन्कोव्स्का फाटकांकडे धावल्या. बाहेर पडणाऱ्यांना थांबवलं, फाटकं बंद करायला लावली. एका कारखान्याचा संप त्या दिवसापासून सगळ्यांचा झाला. इतिहासाच्या पुस्तकावर फोटो वालेसाचा असतो. त्याचा मान मोठाच आहे, पण त्या दुपारी या तिघी नसत्या तर पुढचं काही झालं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

माझी भाची इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. पोलिश छान बोलते, त्यामुळे या प्रवासात दुभाषी तीच. फाटकातून पलीकडे युरोपियन सॉलिडॅरिटी सेंटर आहे, २०१४ साली उघडलेलं. बाहेरून सगळी इमारत गंजलेल्या पोलादाची, जहाजाच्या कवचासारखी दिसावी अशी मुद्दाम केलेली. आत एका दालनात छताला कामगारांची पिवळी हेल्मेटं टांगली आहेत. आणि मग त्या दोन फळ्या.

प्लायवूडच्या साध्या फळ्या, त्यांवर हाताने रंगवलेल्या एकवीस मागण्या. अक्षरं ओळीत ठेवायचा प्रयत्न दिसतो, तरी खाली खाली येताना ती दाटीवाटीने बसवली आहेत. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिले आणि भाचीकडून एकेक मागणी वाचून घेतली. पहिली, सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र कामगार संघटना. दुसरी, संपाचा हक्क. तिसरी, भाषणाचं आणि छपाईचं स्वातंत्र्य. चौथी, राजकीय कैद्यांची सुटका. इथवर कुठल्याही राज्यघटनेत शोभेल असं. पण पुढे मांसासाठी रेशनकार्ड, पाळणाघरात जागा, घरासाठी थांबावं लागण्याचा काळ कमी करा आणि शेवटची एकविसावी, सगळे शनिवार सुट्टीचे.

"मावशी, मी आज इथे येऊ शकले ते याच मागणीमुळे की," भाची म्हणाली. खरंच होतं ते, शनिवार होता.

अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि मटणाचं रेशन एकाच फळीवर लिहिणाऱ्यांची समज पक्की होती. मानवी हक्क हा विषय आपल्याकडे व्याख्यानांत अडकून बसतो. इथे तो रांगेत उभ्या असणाऱ्या बाईच्या पिशवीतून सुरू झाला. ३१ ऑगस्टला सरकारने करारावर सही केली आणि सॉलिडॅरिटी ही संघटना उभी राहिली. तिचे सभासद पुढे एक कोटीच्या घरात गेले. १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा आला, पुढारी तुरुंगात गेले, संघटना भूमिगत झाली. ४ जून १९८९ च्या निवडणुकीपर्यंत तिने कळ काढली. युनेस्कोने २००३ मध्ये या फळ्यांची जागतिक दस्तऐवज म्हणून नोंद केली.

बाहेर चौकात तीन क्रूसांचं स्मारक आहे, ४२ मीटर उंच. डिसेंबर १९७० मध्ये भाववाढीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या, त्यांचं. संपकऱ्यांनी ते मागून घेतलं आणि डिसेंबर १९८० मध्ये उभं करून दाखवलं. मारणारं सरकार गादीवर असताना मेलेल्यांचं स्मारक त्याच्या दारात उभं राहणं, याला काय छाती लागली असेल!

रविवार, ग्दान्स्क

सकाळी सेंट मेरी चर्चमध्ये गेलो. विटांचं हे चर्च आतून इतकं उंच आहे की मान दुखते. आतल्या एका चॅपेलमध्ये पावेउ आदामोविच यांच्या अस्थी आहेत. ते १९९८ पासून ग्दान्स्कचे महापौर. १३ जानेवारी २०१९ ला एका धर्मादाय मदतफेरीच्या कार्यक्रमात, हजारो लोकांसमोर, मंचावर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. दुसऱ्या दिवशी ते गेले.

आदामोविचनी २०१६ पासून शहरात स्थलांतरितांना सामावून घेण्याची रीतसर योजना राबवली, त्यांची सल्लागार परिषद नेमली. २०१७ मध्ये स्थलांतरितांचं स्वागत करू अशा जाहीरनाम्यावर त्यांच्यासह अकरा महापौरांनी सह्या केल्या. त्यावर एका कट्टर उजव्या युवक संघटनेने त्या अकराही जणांचे 'राजकीय मृत्यूचे दाखले' छापून प्रसिद्ध केले. खऱ्या दाखल्यासारखे, नाव आणि मृत्यूचं कारण घालून. हल्लेखोर त्या संघटनेतला नव्हता, त्याचं मानसिक स्वास्थ्यही ठीक नव्हतं. पण माणसाच्या नावाने जिवंतपणी मृत्यूचा दाखला छापणं हा राजकारणाचा भाग समजला जाऊ लागला, की पुढच्या कुणाच्या डोक्यात काय पेटेल याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. हे मला आपल्याकडच्या निवडणुका बघतानाही जाणवतं.

चाकूहल्ला झाला तो कोळसा बाजाराचा चौक चर्चपासून चालत पाच-सात मिनिटांवर. तिथे मुलं धावत होती, वॉफलचा वास येत होता. भाचीने सांगितलं, तिला या शहरात परकं वाटलं नाही. रांगेत, ट्राममध्ये कधी कुणी वाकडं बोलतंही, पण पालिकेत गेलं की तिच्या कागदपत्रांसाठी मदत करणारं माणूस असतं.

सोमवार, रेल्वेने वॉर्सा

तीन तासांचा प्रवास. खिडकीबाहेर सपाट शेतं, बर्चची झाडं, मालबोर्कचा विटांचा किल्ला. मी वाचत होते ते 'कोर'बद्दल, म्हणजे कामगार बचाव समितीबद्दल. पोलंडमधल्या पुढच्या सगळ्या चळवळींची शाळा हीच.

जून १९७६ मध्ये अन्नधान्याचे भाव वाढले. रादोममध्ये कामगार रस्त्यावर उतरले, वॉर्साजवळच्या उर्सुस ट्रॅक्टर कारखान्याच्या कामगारांनी रूळ अडवले. पोलिसांनी पकडलेल्यांना दुतर्फा उभ्या केलेल्या शिपायांच्या मधून पळायला लावलं, दोन्ही बाजूंनी लाठ्या. या प्रकाराला सरकारी माणसं 'आरोग्याची वाट' म्हणत. मग खटले, तुरुंग, नोकऱ्या गेल्या. खटल्यांच्या वेळी कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपींच्या बायका रडत उभ्या असायच्या. वॉर्सातली काही शिकलेली मंडळी तिथे जाऊन बसायला लागली. नावं लिहून घेतली, वकील दिले, पैसे गोळा केले, डॉक्टर पाठवले. सप्टेंबर १९७६ मध्ये त्यांनी समिती जाहीर केली. यात्सेक कुरोन, यान युझेफ लिप्स्की, पुढे आदाम मिख्निक अशी माणसं.

आणि त्यांनी पत्रकावर स्वतःची नावं, पत्ते आणि टेलिफोन नंबर छापले.

गुप्त पोलिसांच्या राज्यात! ज्या देशात कुजबुजत बोलायची सवय लागलेली, तिथे या लोकांनी सांगितलं, आम्ही अमुक अमुक, इथे राहतो, तुमच्यावर अन्याय झाला असेल तर फोन करा. त्याची किंमत मोजली, झडत्या झाल्या, मारहाण झाली, नोकऱ्या सुटल्या. पण लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्यांना धमकावणंही अवघड झालं. जुलै १९७७ मध्ये सरकारने त्या कामगारांना माफी देऊन सोडलं. तीन वर्षांनी ग्दान्स्कमध्ये संप झाला, तेव्हा बातमी देशभर आणि बाहेर पोहोचली ती कुरोनच्या घरच्या फोनवरून. कुरोनचं एक वाक्य पोलंडमध्ये लहान मुलालाही माहीत आहे, पक्षाच्या समित्या जाळू नका, स्वतःच्या समित्या स्थापन करा.

मी वकिली करते, कोल्हापूरला. पत्रकाखाली स्वतःचं खरं नाव घालायला माणूस किती कचरतो हे मी रोज बघते. अर्ज देतात, साक्षीला उभे राहत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. म्हणूनच कोरच्या त्या पत्रकापुढे माझी मान आपोआप खाली गेली.

संध्याकाळी वॉर्साला पोहोचलो. दूधबारमध्ये, म्हणजे जुन्या काळापासून चालत आलेल्या स्वस्त खाणावळीत, बटाटा आणि पनीर भरलेले पिएरोगी खाल्ले. पोट भरलं, पैसे कमी गेले.

मंगळवार, क्रासिन्स्की बाग

आजचा दिवस या प्रवासाचा गाभा.

क्रासिन्स्की बागेच्या एका टोकाला, जनरल आंदेर्स रस्त्यावर, दुसऱ्या महायुद्धातल्या मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे. त्याच्याजवळ कोल्हापूरचं नाव कोरलेली स्मृतिशिला आहे. १९४० पासून सोव्हिएत रशियाने लाखो पोलिश नागरिकांना सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकललं. १९४१ च्या करारानंतर त्यांतले जे सुटले, ते जनरल आंदेर्सच्या सैन्याबरोबर इराणला आले आणि त्यांतल्या बायका-मुलांपैकी सुमारे पाच हजार जणांना १९४३ ते १९४८ आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने ठेवून घेतलं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. फाळणीनंतर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि आज आपण तिला गांधीनगर म्हणतो. कापड घ्यायला जातो. माझी आत्या सांगायची, गोऱ्या बायका टांग्यातून बाजाराला यायच्या आणि भाव करायला मराठी शिकल्या होत्या.

शिळेसमोर कुणीतरी लाल काचेचा दिवा ठेवला होता. मी हात जोडले. भाचीने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, तर दोन मिनिटांत महावीर गार्डनमधल्या स्तंभाचा फोटो उलट आला.

बाग ओलांडली, राजवाड्याला वळसा घातला, की समोर पोलंडचं सर्वोच्च न्यायालय. हिरवट काच, तांब्याचे पत्रे आणि रांगेने उभे खांब. प्रत्येक खांबावर रोमन कायद्यातली वचनं लॅटिन आणि पोलिशमध्ये कोरलेली. याच खांबांपुढे जुलै २०१७ च्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले होते.

कारण काय, तर २०१५ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने न्यायव्यवस्थेला हात घातला. आधी घटनापीठ, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणारं वेगळं न्यायालय. आधीच्या संसदेने रीतसर निवडलेल्या तीन न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष आंजेय दुदा यांनी शपथच दिली नाही. ९ मार्च २०१६ ला घटनापीठाने सरकारचा कायदा घटनाबाह्य ठरवला, तर पंतप्रधान बेआता शिद्वो यांच्या सरकारने तो निकाल राजपत्रात छापायला नकार दिला. छापला नाही म्हणजे तो लागूच नाही, असा पवित्रा. तेव्हा राझेम या छोट्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पंतप्रधान कार्यालयाच्या भिंतीवर प्रोजेक्टरने तो सगळा निकाल उमटवला. राजपत्र छापत नाही ना, मग भिंतीवर वाचा! याच सुमारास लोकशाही बचाव समिती निघाली, नाव जाणूनबुजून जुन्या 'कोर'वरून घेतलेलं.

२०१७ मध्ये न्यायालयांविषयी तीन कायदे आले. मेणबत्त्यांच्या त्या रात्रींनंतर २४ जुलैला दुदांनी त्यातल्या दोहोंवर नकाराधिकार वापरला, पण काही महिन्यांत तेच वेगळ्या रूपात परत आले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६५ केलं. मुख्य न्यायाधीश माउगोझाता गेर्सडोर्फ यांची मुदत राज्यघटनेने सहा वर्षांची ठरवलेली. ४ जुलै २०१८ ला सकाळी त्या नेहमीप्रमाणे कामावर आल्या. याच दारातून, टाळ्या आणि घोषणांच्या गर्दीतून आत गेल्या. पुढच्या वर्षी २४ जूनला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने वयाची ती कपात बेकायदा ठरवली.

आम्हाला इथे एक वकीलबाई भेटल्या. ओळख एका परिचितांमार्फत झालेली, नाव देत नाही. पंधरा वर्षांची वकिली. कोर्टासमोरच्या बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं, ते मी वहीत उतरवून घेतलं. न्यायाधीशांवर शिस्तभंगाची कारवाई चालवायला सर्वोच्च न्यायालयात नवं दालन, म्हणजे वेगळा विभाग, काढलं होतं, त्याच्या प्रत्येक तारखेला त्या बाहेर येऊन उभ्या राहायच्या. "कधी आम्ही तीनशे असायचो, कधी नऊ. नऊ असलो तरी आतल्या माणसाला खिडकीतून दिसायचो."

इगोर तुलेया यांची गोष्ट त्यांनी सविस्तर सांगितली. वॉर्साचे हे न्यायाधीश. संसदेतल्या एका वादग्रस्त मतदानाचा तपास बंद करायला त्यांनी नकार दिला आणि आदेश वाचताना पत्रकारांना कोर्टात बसू दिलं. एवढ्यासाठी नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना निलंबित केलं, पगार कापला. दोन वर्षं ते आपल्याच कोर्टाच्या दारात जाऊन मला काम करू द्या म्हणून मागणी करत राहिले आणि शेवटी परतले.

११ जानेवारी २०२० च्या मोर्चाचे फोटो त्यांनी फोनवर दाखवले. याच चौकातून संसदेपर्यंत न्यायाधीश झगे घालून चालले, वीसहून अधिक युरोपीय देशांतून त्यांचे सहकारी आलेले. घोषणा नाहीत. इटालियन, पोर्तुगीज, आयरिश झगे, कुणाच्या गळ्याला लेस, कुणाला जांभळा पट्टा. सर्किट बेंचसाठी आम्ही वकिलांनी कोट-बँड घालून कोल्हापुरात किती वर्षं आंदोलनं केली, ते मी त्यांना सांगितलं. पण आमच्याकडे न्यायाधीश कधी रस्त्यावर आले नाहीत. न्यायाधीशाने रस्त्यावर यावं का, हा प्रश्न मला तिथेही सुटत नव्हता. मी तो विचारला. त्या म्हणाल्या, "न्यायाधीश एखाद्या पक्षासाठी आला तर तो चुकला. पण कोर्टच काढून घेत असतील, तर निकालपत्र लिहायला त्याने जायचं कुठे?" मला हे पटलं.

ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्के मतदान झालं, १९८९ च्या निवडणुकीपेक्षाही जास्त. सरकार बदललं. मला वाटलं होतं गोष्ट इथे सुखान्त होत असेल. वकीलबाईंनी मान हलवली. मोडलेलं परत बसवणं हे मोडण्यापेक्षा कितीतरी कठीण निघालं आहे. न्यायाधीश निवडणाऱ्या, सरकारच्या मुठीतल्या परिषदेने दरम्यानच्या काळात अडीच हजारांहून अधिक नेमणुका केल्या. त्या न्यायाधीशांनी घटस्फोट दिले, वारसा ठरवला, माणसं तुरुंगात पाठवली. त्यांना एका फटक्यात घालवलं तर ज्यांच्या बाजूने निकाल लागला त्या सामान्य पक्षकारांचं काय? नाही घालवलं तर उद्याच्या प्रत्येक निकालावर शंका. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये यावर जो मार्गदर्शक निकाल दिला, त्यातले अर्जदार कोण, तर लेक वालेसा! त्यांनी जिंकलेला बदनामीचा जुना दावा सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या एका नव्या दालनाने फिरवला होता. फाटकावरचा तो इलेक्ट्रिशियन म्हातारपणी परत एकदा न्यायासाठी देशाबाहेर गेला, आणि जिंकला.

या बाईंना नव्या सरकारबद्दलही तक्रारी होत्या. कायद्याची बाजू घेऊन आलेल्यांनी घाईत कायद्याला वळसा घातला, तर आपण दहा वर्षं उन्हातान्हात कशासाठी उभे होतो, असं त्या संतापून म्हणाल्या. ज्यांना निवडून यायला मदत केली, त्यांनाही जाब विचारणारा कार्यकर्ता आपल्याकडे दुर्मीळ होत चालला आहे. इथे असे बरेच भेटले.

बुधवार, वॉर्सा

पाऊस. मिओदोवा रस्त्यावर युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेचं मानवी हक्क कार्यालय आहे, बाहेरून पाहिलं. ५७ देशांच्या या संघटनेचे निरीक्षक निवडणुका बघायला जातात, काही जण आठवडे आधी जाऊन प्रचार आणि मतदारयाद्या तपासतात, तर काही मतदानाच्या दिवशी केंद्राकेंद्रांवर फॉर्म भरतात. दुपारी पुस्तकांच्या दुकानात गेलो. गल्ल्याशेजारी राज्यघटनेच्या खिशात मावणाऱ्या प्रती विकायला ठेवलेल्या. एक घेतली. पोलिश येत नाही तरी घेतली.

गुरुवार, ब्यावीस्तोक आणि बोहोनिकी

पूर्वेकडे निघालो. वॉर्साहून ब्यावीस्तोक रेल्वेने सुमारे दोन तास, पुढे गाडी केली. बोहोनिकी हे तातार मुसलमानांचं खेडं. सतराव्या शतकात राजा यान सोबिएस्कीने सैनिकीच्या मोबदल्यात यांच्या पूर्वजांना जमीन दिली. लाकडी मशीद, आत गालिचे, बाहेर सफरचंदाची झाडं.

गावापासून थोडं दूर, टेकाडावरच्या पाइनच्या झाडीत कब्रस्तान आहे. एका कडेला नव्या कबरी. २०२१ च्या उन्हाळ्यापासून बेलारूसच्या लुकाशेंको सरकारने युरोपीय निर्बंधांचा वचपा काढण्यासाठी इराक, सीरिया, अफगाणिस्तानच्या लोकांना व्हिसा देऊन मिन्स्कला आणलं आणि सीमेकडे ढकललं. पोलंडने त्यांना परत बेलारूसकडे ढकललं. मधल्या जंगलात ते थंडीने, पाण्यात बुडून मेले. बूग नदीत बुडालेल्या एकोणीस वर्षांच्या सीरियन मुलाचं दफन नोव्हेंबर २०२१ मध्ये या गावाने केलं. त्याच्या घरचे फोनवरून दफनविधी बघत होते. जन्मापूर्वीच दगावलेल्या एका कुर्द बाळाची कबरही इथेच. कबरींवर दगड रचले आहेत, पाइनच्या फांद्या ठेवल्या आहेत.

तातार मंडळींनी सीमेवरच्या सैनिकांसाठीही सूप शिजवलं होतं. दोन्ही कामं त्यांनी केली आणि दोन्ही करताना त्यांना काही विसंगत वाटलं नाही.

शुक्रवार, हाय्नुव्का

ब्याओविएझा जंगलाच्या तोंडाशी असलेलं गाव. ओक आणि हॉर्नबीमची पानं पिवळी झालेली, बाया रस्त्याकडेला टोपल्यांत अळंबी विकत होत्या. पलीकडे काही किलोमीटरवर १८६ किलोमीटर लांब, साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण. त्याच्या पलीकडे बेलारूस, जिथले मानवी हक्कांचे कार्यकर्ते अलेस ब्यालियात्स्की यांना २०२२ चं शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते तुरुंगात होते.

२०२१ मध्ये आणीबाणी पुकारून सीमापट्ट्यात पत्रकार आणि मदतगट दोघांनाही बंदी केली होती. तेव्हा इथल्या काही रहिवाशांनी रात्री खिडकीत हिरवा दिवा लावायला सुरुवात केली. त्याचा अर्थ, इथे या, खायला मिळेल, फोन चार्ज करता येईल, पोलिसांना कळवणार नाही. अनेक संघटना आणि गावकरी मिळून ग्रुपा ग्रानित्सा हे जाळं उभं राहिलं.

आम्हाला भेटलेली स्वयंसेविका तिशीची, एरवी जीवशास्त्र शिकवते. तिने तिची पाठपिशवी स्वयंपाकघराच्या टेबलावर रिकामी करून दाखवली. सुपाचा थर्मास. लोकरी मोजे, तीन जोड. बूट, मोठ्या मापाचे, कारण पाय सुजलेले असतात. चंदेरी फॉइलचं पांघरूण. पॉवर बँक. जखमेची औषधं. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओलं होऊ नये म्हणून दोनदा गुंडाळलेले, कोरे वकालतनामे आणि पेन.

मी तो कागद हातात घेतला. आमच्याकडे बाररूममध्ये शेकड्याने पडलेले असतात, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प चिकटवताना मी कधी दुसरा विचार केला नाही. जंगलात अंधारात, चिखलात बसलेल्या माणसाकडून हा कागद सही करून घ्यायचा, कारण वकालतनामा झाला की तो नुसता 'सापडलेला इसम' राहत नाही. त्याचा वकील पोलिसठाण्यात जाऊन विचारू शकतो, माझा अशील कुठे आहे? तो आश्रय मागतो आहे असा मोबाइलवर व्हिडिओही घेतात, नंतर 'त्याने मागितलाच नाही' असं म्हणता येऊ नये म्हणून. तातडीची वेळ असेल तर स्ट्रासबर्गला अर्ज जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये उस्नाश गुर्नी गावाजवळ दोन्ही बाजूंच्या जवानांमध्ये अडकलेल्या ३२ अफगाणांना अन्न, पाणी, कपडे आणि उपचार द्या असा अंतरिम आदेश तिथून असाच आला होता.

हे काम करणाऱ्यांवर खटले भरले गेले. मार्च २०२२ मध्ये एका इराकी कुटुंबाला आणि एका इजिप्शियन माणसाला मदत केली म्हणून पाच जणांवर याच गावातल्या कोर्टात खटला चालला. कायद्यात फायद्यासाठी मदत करणं गुन्हा आहे. यांनी एक पैसा घेतला नव्हता. सरकार पक्षाचं म्हणणं, फायदा मदत घेणाऱ्याचा झाला की! सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने पाचही जणांना निर्दोष सोडलं.

सरकार बदललं तरी इथली स्थिती सुधारली नाही. मार्च २०२५ पासून बेलारूसच्या सीमेवर आश्रयाचा अर्ज करण्याचा हक्कच स्थगित केला आहे आणि त्याची मुदत वाढवत नेली आहे. सरकारचीही बाजू आहे. पलीकडचं राज्य माणसांना शस्त्रासारखं वापरतं, २०२४ मध्ये कुंपणातून झालेल्या चाकूहल्ल्यात जखमी झालेला एक तरुण पोलिश जवान मेला. ती भीती खोटी नाही. पण मी परवाच वळिवड्याच्या शिळेपुढे उभी होते. ज्यांना कुणीच दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यातल्या पाच हजारांना एका संस्थानातल्या गावाने जागा दिली, याचं स्मारक ज्या देशाने इतक्या आपुलकीने उभारलं, त्या देशाने अर्ज घ्यायलाही नकार द्यावा याचं मला फार वाईट वाटलं. मी हे स्वयंसेविकेला बोलून दाखवलं. तिची पणजी सैबेरियातून परत आली होती, ती म्हणाली. वळिवड्याला नव्हती, दुसऱ्या कुठल्या छावणीत होती.

हक्कच स्थगित आहे तर वकालतनामे अजून का भरता, मी विचारलं. तिचं उत्तर वकिलाला शोभणारं होतं. आजारी माणसं, गरोदर बाया, एकटी मुलं यांना त्या कायद्यातही अपवाद आहे, तो अपवाद कुणीतरी लेखी मागावा लागतो. शिवाय आज दाद मिळाली नाही तरी, अमुक तारखेला अमुक माणूस इथे होता आणि त्याने आश्रय मागितला, याची नोंद राहते. पाच वर्षांनी कोर्टाने विचारलं तर कागद हवा.

शनिवार, परतीची रेल्वे

निघताना तिने मला माहितीपत्रकाचा एक हिंदी मसुदा दिला. जंगलात भारतीय उपखंडातली माणसंही सापडतात, त्यांना वकालतनामा म्हणजे काय, सही केल्याने काय होतं आणि काय होत नाही, हे समजावणारं एक पान. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेलं. दोन ठिकाणी अर्थ उलटा झाला होता, सही केल्यावर परत पाठवलं जाईल असं वाचलं जात होतं. ब्यावीस्तोक ते वॉर्सा दोन तासांत मी ते पान सुधारलं, भाचीने टाइप केलं आणि स्टेशन यायच्या आत पाठवून दिलं. तिचं उत्तर आलं, बंगाली आणि पश्तोचं काय? बंगालीसाठी कोलकात्याच्या एका वकील मैत्रिणीला लिहिलं आहे. पश्तोसाठी कुणी ओळखीचं असेल तर मला कळवा.